संक्रांत पुढे पुढे का सरकते, आणि हलव्याला काटा कुठून येतो

दरवर्षी जानेवारीचा दुसरा आठवडा आला की व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेले फॉरवर्ड यायला लागतात. आज सूर्य उत्तरेकडे वळला, आजपासून दिवस मोठा व्हायला लागणार, आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, वगैरे वगैरे. यातलं शेवटचं बरोबर आहे, पहिली दोन चूक. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला, म्हणजे संक्रांतीच्या चांगले तीन आठवडे आधी, आणि त्या दिवशी आपल्याकडे कोणी तिळाचा दाणासुद्धा तोंडात टाकत नाही. मग संक्रांत १४ जानेवारीला कशी काय? की पूर्वजांचं गणित चुकलं? तर नाही चुकलं, आणि खरी गोष्ट फॉरवर्डपेक्षा बरीच भारी आहे.

आधी खात्री करून घेऊ, त्यासाठी दुर्बीण नको, सूर्योदय-सूर्यास्त छापलेलं कोणतंही कॅलेंडर पुरे. मुंबईत २१ डिसेंबरला सूर्य उगवतो साधारण ७ वाजून ७ मिनिटांनी आणि मावळतो ६ वाजून ६ मिनिटांनी, म्हणजे दिवस ११ तासांना जेमतेम एक मिनिट कमी. १४ जानेवारीला सूर्योदय सव्वासातला आणि सूर्यास्त ६ वाजून २० मिनिटांनी, दिवस ११ तास ५ मिनिटांचा. म्हणजे संक्रांत येईपर्यंत दिवस सहा-सात मिनिटांनी वाढून पण झालेला असतो, आणि संक्रांतीच्या सुमाराला तो रोज अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाढत असतो. "दिवस तिळातिळानं वाढतो" असं आजी म्हणायची ते अगदी मापात बसतं, फक्त पहिला तीळ डिसेंबरातच पडलेला असतो.

आता वरचे आकडे परत बघा, त्यात एक गंमत आहे. दिवस वाढलाय खरा पण सूर्योदय लवकर नाही झालेला, उलट आठ मिनिटं उशिरा झालाय! वाढ झाली ती सगळी संध्याकाळच्या बाजूला. मुंबई-पुण्याकडे वर्षातला सगळ्यात उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यालाच येतो, म्हणजे बरोबर संक्रांतीच्या आसपास, त्यामुळे या दिवसांत पहाटे अंघोळीला उठवत नसेल तर दोष फक्त थंडीचा नाही. कारण असं की पृथ्वी ३-४ जानेवारीच्या सुमाराला सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, तेव्हा ती कक्षेत जरा जोरात पळते, शिवाय तिचा अक्ष कललेला, या दोन्हीमुळे एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत डिसेंबर-जानेवारीत २४ तासांपेक्षा वीस-तीस सेकंद जास्त लागतात. आपलं घड्याळ मात्र २४ तासांवर अडून बसलेलं. रोजची ती वीस-तीस सेकंद साठत जातात आणि उगवणं-मावळणं दोन्ही घड्याळात पुढे ढकललं जातं.

घड्याळ नव्हतं तेव्हा लोक काय बघायचे? सूर्य क्षितिजावर नेमका कुठून वर येतो ते. गच्चीवरून समोरची पाण्याची टाकी, टेकडी, मोबाईल टॉवर अशी खूण धरून तुम्हीही बघू शकता. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकत सरकत जातो आणि २१-२२ च्या आसपास थबकल्यासारखा होतो, आठ-दहा दिवस उगवायची जागा जवळपास तीच, डोळ्याला फरक कळणार नाही इतकी. जानेवारीच्या मध्याला मात्र तीनेक दिवसांत स्वतःच्या बिंबाएवढा उत्तरेकडे सरकतो, तेव्हा कोणाच्याही लक्षात येतं की हां, परत फिरला. (रोज एकाच जागी उभं राहून बघायचं, आणि डोळ्यांना सांभाळून, तांबडा गोळा नुकता वर येतो तेवढाच वेळ, नंतर नाही.)

ही पद्धत मी शोधलेली नाही, वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत लिहून ठेवलीय. तो म्हणतो, पूर्वी कधीतरी सूर्याचं उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या सुरुवातीपासून होत असलं पाहिजे कारण जुन्या शास्त्रांत तसं म्हटलंय, पण सध्या ते मकरेच्या सुरुवातीपासून होतं, आणि पटत नसेल तर स्वतः बघा, उगवताना-मावळताना लांबची खूण धरून, नाहीतर जमिनीवर मोठं वर्तुळ आखून त्यात सावली कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते त्यावरून. मला हा माणूस भयंकर आवडतो ते याचसाठी. जुन्या ग्रंथात एक लिहिलंय, आकाशात दुसरं दिसतंय, तर तो जुन्यांना खोटं पाडत नाही आणि डोळ्यांनाही खोटं पाडत नाही, तो म्हणतो तेव्हा तसं असेल, आता असं आहे. धनिष्ठाची ती जुनी नोंद वेदांग ज्योतिषातली, आणि त्यात राशींचा पत्ताच नाही, नुसती नक्षत्रं. मेष, वृषभ, मकर या बारा राशी आपल्याकडे नंतर, ग्रीकांशी देवाणघेवाण झाली तेव्हा रुळल्या. म्हणजे उत्तरायणाचं कौतुक फार जुनं, भीष्म शरपंजरी पडून त्याचीच वाट बघत होते, पण त्याला 'मकर' चिकटलं ते बऱ्याच उशिरा.

तर मुद्दा असा की ज्या काळात हे गणित पक्कं झालं, साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या ते सहाव्या शतकात, त्या काळात सूर्याचं मकर राशीत शिरणं आणि उत्तरेकडे वळणं या दोन गोष्टी खरोखरच जवळपास एकाच वेळी घडत होत्या. आज सगळ्यात जास्त चालतं ते गणित घेतलं तर दोन्ही अगदी नेमके जुळले होते ते इसवी सन २८५ च्या सुमाराला. तेव्हा संक्रांत म्हणजे खराखुरा वर्षातला सगळ्यात छोटा दिवसच होता. त्यानंतर दोघांची फारकत झाली, आणि त्याला जबाबदार आपली पृथ्वी.

भोवरा फिरवलाय ना कधी? सुरुवातीला ताठ फिरतो, मग जोर कमी झाला की त्याची वरची बाजू हवेत हळूहळू गोल काढायला लागते, भोवरा गरागरा फिरतोय आणि त्याचा अक्ष निवांत डुलतोय. पृथ्वीचं अगदी तसंच चालतं. ती पूर्ण गोल नाही, विषुववृत्तावर जरा फुगलेली आहे, तिथला व्यास ध्रुवांमधून मोजलेल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरनं जास्त भरतो. त्या फुगवट्याला चंद्र आणि सूर्य ओढतात आणि कललेला अक्ष सरळ करायला बघतात, पण फिरती वस्तू सरळ ऐकत नाही, ढकललं की आडव्या दिशेला सरकते, म्हणून अक्ष सरळ होण्याऐवजी आकाशात एक मोठं वर्तुळ काढत बसतो. एक फेरी व्हायला जवळजवळ २५,८०० वर्षं लागतात. आज अक्षाचं उत्तर टोक ध्रुवताऱ्याच्या शेजारी आहे म्हणून तो 'अढळ', अजून बारा हजार वर्षांनी हा मान अभिजित ताऱ्याच्या आसपास जाईल. आपण मुलांना अढळपद वगैरे सांगतो ते सगळं टेंपररी आहे.

अक्ष डुलला की उत्तरायण-दक्षिणायनाचे बिंदू ताऱ्यांच्या पडद्यावर मागे मागे सरकतात. किती? वर्षाला फक्त ५० विकला (एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे विकला), म्हणजे एक अंश सरकायला ७२ वर्षं, एका माणसाच्या अख्ख्या आयुष्यात पूर्ण चंद्राच्या दोन बिंबांएवढं. याला आपल्याकडे अयनचलन म्हणतात. ग्रीसमध्ये हिपार्कसनं ते ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात पकडलं, आणि वराहमिहिराला जे खटकलं ते हेच.

आता तारखेचा हिशोब. वर्ष दोन प्रकारे मोजता येतं. ऋतू परत तिथेच यायला ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटं आणि ४५ सेकंद लागतात, हे सायन वर्ष, आपलं इंग्रजी कॅलेंडर याला धरून चालतं. सूर्य ताऱ्यांच्या हिशोबानं त्याच जागी यायला ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटं लागतात, हे निरयन वर्ष, पंचांग याला धरून चालतं. फरक २० मिनिटांचा, चहा प्यायला जातो तेवढा, पण दरवर्षी वीस-वीस मिनिटं साठली की ७२ वर्षांत एक दिवस होतो. म्हणून संक्रांत इंग्रजी तारखेत ७२ वर्षांनी एक दिवस पुढे जाते आणि गेल्या सतराशे वर्षांत ती २१-२२ डिसेंबरपासून सरकत सरकत १४ जानेवारीला पोचली.

पण मग एखाद्या वर्षी १४ आणि एखाद्या वर्षी १५ हा घोळ कसला? तो लीप वर्षाचा. दरवर्षी संक्रमणाची वेळ सहा तासांनी पुढे जाते आणि लीप वर्षाचा जादा दिवस आला की एकदम मागे येते. २०२३ ला सूर्य मकरेत शिरला १४ जानेवारीला रात्री पावणेनऊ-नऊच्या सुमाराला, सूर्य मावळल्यानंतर, म्हणून सण १५ ला. २०२४ ला १५ तारखेला पहाटे पावणेतीनला, म्हणून परत १५ ला. मग २९ फेब्रुवारी आला आणि २०२५ ला वेळ झाली १४ ची सकाळ, नऊच्या आसपास, २०२६ ला १४ ची दुपार. "यंदा संक्रांत पंधराला आलीय, काहीतरी अशुभ आहे" असं कोणी म्हणालं तर त्याला फेब्रुवारी दाखवायचा. आणि २१०० साल लीप नसणार, त्यामुळे तेव्हा मागे यायची ती संधी हुकेल आणि पुढच्या शतकात १५-१६ हेच नेहमीचं होऊन बसेल. सन ३००० मध्ये संक्रांत जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात असेल, आणि असंच चालू ठेवलं तर तेरा हजार वर्षांनी ती ऐन पावसाळ्यात येईल, तेव्हा पतंगांचं काय करायचं ते तेव्हाचे लोक बघतील.

हे मागे लावून पाहिलं की इतिहासातल्या एका लाडक्या समजुतीला धक्का बसतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, तेव्हा मराठ्यांवर संक्रांतीच्या दिवशीच संक्रांत कोसळली हे आपण शाळेपासून ऐकतो, भाषणांत तर हटकून असतं. पण १७६१ मध्ये संक्रांत १४ ला असणं शक्यच नाही. हिशोब केला की ती येते १० जानेवारीच्या आसपास. लढाई झाली पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी, संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटल्यावर. भाऊसाहेबांचं सैन्य उपाशी होतं, थंडी मरणाची होती, ते सगळं खरं, सणाची तारीख तेवढी आपण आजच्या कॅलेंडरवरून मागे चिकटवलीय. अजून एक पुरावा हवा असेल तर स्वामी विवेकानंद घ्या, त्यांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. दोन दिवसांचा हा फरक म्हणजे दीडशे वर्षांचं अयनचलन, कोणत्याही वेधशाळेत न जाता मिळालेलं.

बरं, "सूर्य मकर राशीत शिरतो" हेही आकाशात बघायला गेलं तर तंतोतंत तसं नसतं. राशी म्हणजे ३० अंशांचे बारा सारखे तुकडे, केकसारखे कापलेले, पण आकाशातल्या तारकासमूहांना असं सारखं माप नाही. आज खगोलशास्त्रज्ञ ज्या सीमा मानतात त्यांच्याप्रमाणे १४ जानेवारीला सूर्य अजून धनु तारकासमूहातच असतो, मकरेत तो जातो २० च्या सुमाराला. आणि तुकडे सारखे कापायचे ठरवले तरी पहिला काप कुठे द्यायचा यावर आपल्याकडे शंभरेक वर्षं भांडण चाललंय. बहुतेक पंचांगं चित्रा तारा समोर धरून सुरुवात ठरवतात. टिळक पंचांग रेवतीतला एक अंधुक तारा धरतं, त्यामुळे त्याची सुरुवात चारेक अंशांनी वेगळी पडते आणि त्यांची संक्रांत येते १० जानेवारीला. हो, आजही महाराष्ट्रात अशी घरं आहेत की ज्यांचा तिळगूळ शेजाऱ्यांच्या चार दिवस आधी वाटून झालेला असतो. लोकमान्यांनी पंचांग आकाशाशी जुळावं म्हणून एवढा खटाटोप केला, निदान त्यांच्या नावामागे वाद तरी अस्सल खगोलशास्त्राचा आहे.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं १९५२ साली खगोलभौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली कॅलेंडर सुधारणा समिती नेमली. साहांचं म्हणणं साधं होतं, सण ऋतूंचे आहेत ना, मग ऋतूंना धरून ठेवा. त्यातून आपलं राष्ट्रीय कॅलेंडर निघालं, २२ मार्च १९५७ पासून सुरू झालं, रेडिओवर "शके अमुक, सौर पौष" म्हणतात ते हेच. या कॅलेंडरात पौष सुरू होतो २२ डिसेंबरला, म्हणजे उत्तरायण बरोब्बर जागेवर! धार्मिक सणांसाठी समितीनं तडजोड सुचवली की आत्तापर्यंत सरकलंय तेवढं राहू दे, २३ अंश १५ कला, म्हणजे सव्वातेवीस अंश, पण इथून पुढे सरकायला नको. पंचांगवाल्यांनी ते काही ऐकलं नाही, आणि सौर पौष वापरून कोणी कुणाला वाढदिवसाचं आमंत्रण दिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

जाता जाता, पंचांगात दरवर्षी संक्रांतीचं चित्र असतं, कधी वाघावर कधी गाढवावर बसलेली, अमुक रंगाचं नेसलेली, अमुक खाणारी, आणि मग त्या रंगाची साडी नेसायची नाही म्हणून गावभर अफवा. ते वाहन कोणी साक्षात्कारानं ठरवत नाही. संक्रमणाच्या वेळी पंचांगातलं कोणतं करण (करण म्हणजे अर्धी तिथी) चालू आहे ते बघायचं आणि तक्त्यातून वाहन, वस्त्र, जेवण उचलायचं, बस. एक्सेलमध्ये पण होईल.

एवढं सगळं आकाश सरकलं तरी आपल्याला पत्ता का लागला नाही? मला वाटतं याचं उत्तर आकाशात नाही, सुगडात आहे. सुगड उघडून बघा. ओले हरभरे, गव्हाच्या ओंब्या, उसाचे करवे, बोरं, गाजर, तिळगूळ. या दिवसांत शेतात आणि बाजारात जे आहे ते सगळं त्या मातीच्या गाडग्यात. गुऱ्हाळं जोरात असतात, नवा गूळ आलेला असतो, खरिपाचे तीळ झोडपून घरात पडलेले असतात, रब्बीचा हरभरा घाट्यांवर आलेला. भोगीच्या भाजीत पावटा, वांगी, गाजर, हरभरा, घेवडा सगळं एकत्र, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा, न खाई भोगी तो सदा रोगी. महाराष्ट्रातला थंडीचा सुगीचा काळ चांगला दीड-दोन महिने चालतो, त्यात सण तीन आठवडे इकडे-तिकडे झाला तर कोणाच्या लक्षात येणार? माझ्या मते सूर्य हे निमित्त, सण रानाचा आहे.

आता तिळाकडे. तीळ उष्ण म्हणून थंडीत खायचे हे सगळे सांगतात. उष्ण म्हणजे अंगात लगेच उष्णता तयार करणारे असं म्हणायचं असेल तर ते जमत नाही, कारण खाल्लेलं पचवताना जी उष्णता निघते ती प्रथिनांची सगळ्यात जास्त आणि स्निग्ध पदार्थांची सगळ्यात कमी, आणि तिळात निम्मं तेलच आहे. पण इंधन म्हणून बघितलं तर तीळ दणकट, १०० ग्रॅममध्ये ५७० च्या आसपास कॅलरी, थंडीत राबणाऱ्या शेतकऱ्याला हेच तर हवं. एसीत बसून आठ लाडू हाणणाऱ्यानं वेगळा हिशोब करावा. कॅल्शियमचं पण असंच, बिनपॉलिशच्या तिळात १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅमच्या वर असतं असं वाचून आपण खूष होतो, पण ते बरंचसं सालात असतं आणि तिथे ऑक्झलेटनं धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे सगळं काही अंगी लागत नाही, आणि दुकानातून पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ आणले तर साल गिरणीतच राहिली. तिळाची खरी करामत म्हणजे त्यातलं सेसमिन, सेसमोलिन ही द्रव्यं आणि भाजल्यावर तयार होणारं सेसमॉल, यांच्यामुळे तिळाचं तेल इतर तेलांच्या मानानं लवकर खवट होत नाही. म्हणून लाडू डब्यात महिनाभर राहतात. तीळ हे पीकही इथलंच, हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ मिळालेत. लाडवातलं दाण्याचं कूट मात्र पाहुणं आहे बरं का, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगीज जहाजं यायला लागल्यानंतरच्या काळातला.

गुळाच्या पाकात तर सगळं शास्त्र एका वाटीत मावतं. पाक उकळत असताना त्यातलं पाणी उडतं, जसं पाणी कमी तसं उकळायचं तापमान चढत जातं, त्यामुळे पाक किती गरम आहे यावरून त्यात पाणी किती उरलं ते कळतं. घरात थर्मामीटर नसतो म्हणून आपण थेंब गार पाण्यात टाकतो. ११५ ते १२० डिग्रीला थेंबाची मऊ गोळी होते, अजून तेरा-पंधरा टक्के पाणी आहे, याचे लाडू मऊ राहतात. १५० च्या आसपास थेंब वाटीत पडला की टण्ण वाजतो आणि हातानं मोडला की कटकन तुटतो, पाणी टक्का-दीड टक्का, ही कडक वडी. त्यानंतर अर्ध्या मिनिटात करपतो, कारण गुळात साखरेबरोबर थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोजही असतं आणि ते लवकर जळतं. पण याच ग्लुकोज-फ्रुक्टोजमुळे साखरेच्या रेणूंना ओळीत उभं राहता येत नाही, स्फटिक धरत नाहीत, आणि पाक गार झाला की तो चक्क काच होतो. खरंच, शास्त्रीय अर्थानं काच, म्हणून तर वडी चमकते. ही काच हवेतलं पाणी मात्र ओढून घेते, आणि पाणी आत गेलं की परत चिकट, म्हणून कोकणात डबा उघडा राहिला तर दुसऱ्या दिवशी वडी दाताला चिकटते आणि सोलापुरात चार दिवस काही होत नाही. वडीत चिमूटभर सोडा घालतात तो याच कडकपणावर उतारा, पाकात कार्बन डायऑक्साईडचे बुडबुडे अडकतात आणि काच पोकळ, खुसखुशीत होते.

काळ्या कपड्यांचं थोडक्यात सांगतो. एरवी अशुभ असलेला काळा रंग संक्रांतीला चालतो, चंद्रकळा निघते, आणि कारण सांगतात की काळा रंग उष्णता शोषतो. उन्हात उभे असाल तर खरं आहे, कपडा अंगालगत असेल आणि वारा नसेल तर जास्तच खरं. सावलीत किंवा रात्री हळदीकुंकवाला काळ्या आणि पांढऱ्या साडीत काही फरक पडत नाही, कारण शरीराच्या उष्णतेचे जे इन्फ्रारेड किरण असतात त्यांच्यासाठी सगळे कापड जवळपास सारखेच 'काळे'. आणि कपडा सैल असेल तर उन्हातही गणित बदलतं, बेदुइन (भटके अरब) लोक वाळवंटात काळे झगे का घालतात यावर १९८० साली नेचर या जर्नलमध्ये प्रयोग छापून आला होता, काळ्या झग्यानं उष्णता जास्त शोषली पण ती अंगापर्यंत पोचायच्या आधीच सुटून गेली, अंगाला लागलेली उष्णता पांढऱ्या झग्याइतकीच. सकाळच्या कोवळ्या उन्हातल्या ड जीवनसत्त्वाचंही तेच, त्यासाठी लागणारे अतिनील किरण सूर्य बराच वर आला की मग खालपर्यंत पोचतात, आपली सावली आपल्यापेक्षा छोटी पडली की समजायचं आता मिळतंय. म्हणजे दुपारी पतंग उडवणारी येवल्याची पोरं जिंकली.

आणि आता हलवा, ज्याच्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो. नव्या नवरीचे हलव्याचे दागिने, बोरन्हाणाला बाळाचा मुकुट, यातला पांढरा काटेरी दाणा घरी करताना कोणाला बघितलंय का? आमच्या आत्याकडे पितळी परात शेगडीवर असायची, निखाऱ्यांवर राख टाकून धग मारलेली, परातीत मूठभर तीळ नाहीतर साबुदाणा, बाजूला एकतारी पाक, त्याची मळी दूध घालून काढलेली. चमचाभर पाक टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे हलक्या हातानं फिरवत राहायचं, सुकले की पुन्हा चमचाभर. पहिल्या दिवशी दाणे नुसते पांढरे होतात, काटा दिसायला दोन-तीन दिवस जातात, आणि मध्येच कोणी दार उघडं टाकलं की आत्याचा आवाज चढायचा.

गोल दाण्यावर सगळीकडून सारखा पाक लागतोय तर तो गोलच मोठा व्हायला हवा ना, काटे का येतात? हाच प्रश्न जपानमध्ये तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञाला पडला होता. तिथे कोनपेइतो नावाची अगदी हलव्यासारखी काटेरी मिठाई असते, मूळ पोर्तुगीज, लुईस फ्रॉइस या पाद्र्यानं १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला ती भेट दिली होती. तिरक्या तापलेल्या गोल भांड्यात फिरवत ती करायला दोन आठवडे लागतात. काट्यामागचं कारण साधारण असं की पृष्ठभागावर योगायोगानं कुठेतरी बारीकसा उंचवटा येतो, दाणा लोळताना तोच उंचवटा पाकाला आणि गरम भांड्याला आधी टेकतो, त्याला पाक जास्त मिळतो आणि तो लगेच सुकतो, म्हणून तो अजून उंच होतो, अजून उंच झाला म्हणून अजून आधी टेकतो. खड्डे मागे पडतात, उंचवटे पुढे पळतात. पैशाला पैसा म्हणतात तसलाच प्रकार.

आत्याचे सगळे नियम यात बसतात. पाक एकदम जास्त घातला तर तो काट्यांची टोकं विरघळवून टाकतो. धग जास्त झाली तर दाणा पिवळा पडतो. जोरात चोळलं तर कोवळे काटे मोडतात. आणि हलवा करायला कोरडी थंडी लागते असं म्हणतात तेही बरोबर, हवा कोरडी असली की पाकाचा पातळ थर दुसरा चमचा पडायच्या आत सुकतो, दमट हवेत तो पसरून खड्डे भरत बसतो. औषधाच्या कारखान्यात गोळ्यांना साखरेचं आवरण चढवतात तिथेही हेच तंत्र आहे, फिरतं भांडं, गरम हवा, थोडा थोडा पाक. फरक एवढाच की तिथे गोळी गुळगुळीत झाली पाहिजे, तिच्यावर काटा आला तर अख्खा लॉट रिजेक्ट होतो.